‘अ‍ॅसिडिटी’ या एका शब्दाआड

घरातील ज्येष्ठांचा चेहरा उतरलेला दिसला आणि “काय होतंय?” असे विचारले, की बहुधा एकच उत्तर येते : “काही नाही, जरा अ‍ॅसिडिटी झाली आहे.” ऐकणारा निश्चिंत होतो, गोळी दिली जाते आणि विषय तिथेच संपतो. या वेळी आपण या शब्दाकडे आणि त्याच्या काही इंग्रजी भावंडांकडे लक्षपूर्वक पाहू. आंबणे, आंबवणे आणि आम्लता यांसाठीचे हे शब्द दह्याच्या डब्यावर, औषधाच्या वेष्टनावर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीत आपल्याला वारंवार भेटतात. त्यांच्या अर्थांची सरमिसळ झाली, तर ती प्रसंगी प्रकृतीलाही महागात पडते.

‘अ‍ॅसिड’ हा शब्द लॅटिन भाषेतून आला. तेथे त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ केवळ ‘आंबट’ असा होता. आपल्या ‘अम्ल’ शब्दाचाही मूळ अर्थ तोच. ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणजे आम्लता, म्हणजेच पदार्थाचा एक गुणधर्म. लिंबाच्या रसाला आम्लता असते, दह्याला असते आणि आपल्या जठररसाला तर ती असावीच लागते. कारण अन्नातील प्रथिनांचे पचन आणि पोटात गेलेल्या अनेक जंतूंचा नाश तिच्यामुळेच होतो. म्हणजे मूळ अर्थाने पाहिले, तर हे कोणत्याही रोगाचे नाव नव्हे. जन्मापासून इंग्रजी बोलणारा रुग्ण आपल्या डॉक्टरांना सहसा ‘अ‍ॅसिडिटी’ झाली असे सांगत नाही. जळजळ असेल तर तो ‘हार्टबर्न’ म्हणतो, आम्ल वर येत असेल तर ‘रिफ्लक्स’ आणि जेवण जड झाले असेल तर ‘इनडायजेशन’. आपण मात्र या साऱ्या तक्रारी एकाच शब्दात भरून टाकल्या.

वास्तविक मराठी या बाबतीत अतिशय समृद्ध आहे. छातीत जळजळणे, घशाशी येणे, आंबट ढेकर, करपट ढेकर, मळमळणे, उमासे येणे, पोट गुबारणे, पोटात तुटणे : यांतील प्रत्येक शब्द वेगळी अवस्था सांगतो. “रात्री आडवे झाल्यावर घशाशी आंबट येते” या एका वाक्यातून डॉक्टरांना वेळ, स्थिती आणि लक्षण अशा तिन्ही गोष्टी कळतात. “अ‍ॅसिडिटी आहे” या वाक्यातून यांपैकी एकही कळत नाही. आडवे झाल्यावर घशाशी येत असेल, तर रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवणे आणि पलंगाची डोक्याकडील बाजू थोडी उंच करणे, एवढ्यानेही पुष्कळांना आराम पडतो. परंतु अन्न गिळताना अडकत असेल, वजन विनाकारण घटत असेल, शौचास काळे होत असेल किंवा उलटीतून रक्त पडत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. इंग्रजीतील ‘हार्टबर्न’ या शब्दात हृदय आहे, पण त्या तक्रारीचा हृदयाशी संबंध नाही. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते आणि जळजळ त्याच जागी जाणवते, इतकेच. आपल्याकडे नेमकी उलट चूक घडते. त्रास हृदयाचा असतो आणि त्याला नाव मिळते अ‍ॅसिडिटीचे. छातीवर दाब येणे, आवळल्यासारखे वाटणे, वेदना हात, जबडा किंवा पाठीकडे पसरणे, थंड घाम, धाप : यांपैकी काहीही जाणवले, तर गोळी देऊन वाट पाहू नये. वृद्ध, स्त्रिया आणि मधुमेही यांच्यात हृदयविकाराच्या झटक्यातही छातीत दुखेलच असे नसते. केवळ मळमळ, धाप किंवा एकाएकी आलेला विलक्षण थकवा एवढेच लक्षण असू शकते. आम्लता कमी करणाऱ्या औषधाने थोडे बरे वाटले, म्हणून हृदय निर्दोष आहे असेही सिद्ध होत नाही. अशा वेळी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तपासणीअंती ती जळजळच निघाली, तर त्यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही.

दुसरा शब्द ‘फर्मेंटेड’, म्हणजे आंबवलेले. याचे नाते ‘उकळणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी जोडले जाते. फुगून वर येणारे, बुडबुडे सोडणारे इडलीचे पीठ पाहिले, की हे नाव का पडले असावे ते उमगते. ही उकळी अग्नीवाचूनची, ती सूक्ष्मजीवांची. दूध आंबण्यामागे सजीव जंतू असतात, हे लुई पाश्चर यांनी 1857 मध्ये मांडले. आपण विरजण लावतो, तेव्हा दुधात असे जंतूच सोडत असतो. ते दुधातील साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. त्यामुळे दही लागते आणि दुधाने पोट बिघडणाऱ्या अनेकांना दही सोसते.

पाण्यात फसफसणाऱ्या औषधांसाठीचा ‘एफर्व्हेसंट’ हा शब्दही त्याच मुळाचा. मात्र अशा चूर्णांत आणि गोळ्यांत बहुधा खाण्याचा सोडा असतो आणि सोड्यातून सोडियम शरीरात जाते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ती वरचेवर घेऊ नयेत. आम्लनिर्मिती कमी करणाऱ्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास ब-12 जीवनसत्त्वाची उणीव निर्माण होऊ शकते. त्या मनाने वर्षानुवर्षे चालू ठेवू नयेत आणि डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नयेत.

उरले ते बिघडण्याचे शब्द. ‘सोअर’ म्हणजे आंबट, ‘रॅन्सिड’ म्हणजे खवट आणि ‘स्पॉइल्ड’ म्हणजे नासलेले. आपणही आंबलेले पीठ, खवट खोबरे आणि उतरलेली आमटी यांत भेद करतोच. आंबवणे हे आपण हेतुपूर्वक करतो; नासणे हे आपल्या नकळत घडते. वयोमानाने वासाची आणि चवीची जाणीव मंदावते, त्यामुळे ज्येष्ठांना हा भेद नाकाने ओळखता येईलच असे नाही. त्यात शिळा भात तर नाकालाही फसवतो. त्यातील काही जंतूंचे बीजाणू शिजवल्यावरही तग धरतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला, तर ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून उरलेला भात दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा. अन्न टाकणे ज्येष्ठांच्या जिवावर येते, हे खरे. यासाठी शिजवतानाच बेताने शिजवावे.

काळजीवाहकांना एक विनंती. पुढच्या वेळी घरात “अ‍ॅसिडिटी झाली” असे ऐकू आले, तर तेथेच थांबू नका. “जळजळतंय, की दडपल्यासारखं होतंय? घशाशी येतंय का? घाम आलाय का? केव्हापासून?” असे जवळ बसून विचारा आणि मिळालेले उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत टिपून ठेवा. ज्येष्ठ वाचकहो, आपणही “काही नाही” असे म्हणू नका. आपला त्रास आपल्या भाषेत सविस्तर सांगा. निदानाची सुरुवात तेथूनच होते.