हशा पिकल्यावर पडदा थांबत नाही

संगीत नाटकात 'वन्स मोअर' आला की नट थांबतो, पेटीवाल्याकडे बघतो आणि तेच पद पुन्हा गातो. म्हणजे नाटक किती वेळ चालणार हे थोडंफार प्रेक्षकच ठरवतो. विनोदाचंही तेच. एकांकिका केलेल्या तुमच्यापैकी प्रत्येकाला माहितीये, लाफ्टर आला की पुढचं वाक्य धरून ठेवायचं आणि हशा उतरायला लागला की टाकायचं. पडद्यावरचा नट असा थांबू शकत नाही. तो कधीचाच बोलून मोकळा झालेला असतो.

त्यामुळे एखादं म्युझिकल कॉमेडी नाटक आवडलं की 'यार, यावर पिक्चर काढायला पाहिजे' म्हणण्याआधी जरा दमानं घ्या. समोरचा प्रेक्षक हे त्या नाटकातलं एक पात्रच असतं आणि सिनेमात नेमकं तेच गळतं. त्याच्या जागी काय आणणार?

काहीच न आणलं तर काय होतं, ते 'द प्रोड्यूसर्स'मध्ये दिसतं. 2001 मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या या नाटकानं तब्बल 12 टोनी पुरस्कार मिळवले. 2005 च्या सिनेमात दिग्दर्शिका तीच, सुझन स्ट्रोमन. नेथन लेन आणि मॅथ्यू ब्रॉडरिक ही जोडीही तीच. पण दोघंही शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा अभिनय करतात आणि कॅमेरा मात्र हातभर अंतरावर! सिनेमा चालला नाही.

उलट टोक म्हणजे 'अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम'. 1966 च्या सिनेमात रिचर्ड लेस्टरनं भन्नाट कटिंग केलं खरं, पण स्टीफन सॉन्डहाइमची बरीच गाणी कापून टाकली. गाण्यांची लाज वाटत असेल तर म्युझिकल घ्यायचंच कशाला?

'माय फेअर लेडी'तली (1964) एक युक्ती मला फार आवडते. पुलंची 'ती फुलराणी' शॉच्या ज्या 'पिग्मॅलियन'वरून आली, त्याचंच हे म्युझिकल. यातला प्रोफेसर, रेक्स हॅरिसन, गाणी अर्धी बोलत, अर्धी गात म्हणायचा आणि दर वेळी वेगळी. आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर त्याला ओठ हलवता येईनात. मग त्याच्या टायमध्ये वायरलेस माइक लपवला आणि सेटवरच लाइव्ह रेकॉर्डिंग केलं. त्यामुळे शब्द तिथल्या तिथे सुचल्यासारखे वाटतात. ऑड्री हेपबर्नच्या बहुतेक गाण्यांना मात्र मार्नी निक्सनचा आवाज आहे. दोघांची गाणी लागोपाठ ऐका, फरक कळेल.

आणि खरी गंमत 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स'ची. फुलांच्या दुकानात काम करणारा सिमोर एक रक्तपिपासू झाड पाळतो. शेवटी ते झाड त्याला आणि त्याच्या ऑड्रीला गिळतं. 1982 च्या नाटकात लोक यावर खदाखदा हसायचे. फ्रँक ऑझनं 1986 मध्ये सिनेमा करताना हाच शेवट खूप खर्च करून शूट केला, पण ट्रायल शोमध्ये प्रेक्षक नाराज झाले. शेवट बदलून दोघांना जिवंत ठेवावं लागलं. ऑझनं पुढे दिलेलं कारण साधं आहे: नाटकात मेलेले नट कर्टन कॉलला हसत बाहेर येतात, सिनेमात मेला तो मेलाच. एक मिनिटाचा कर्टन कॉल नव्हता, तर अख्खा विनोद उलटला!

आपल्याकडे खाडिलकरांच्या 1911 च्या 'मानापमान'वर सुबोध भावेंनी 2025 मध्ये सिनेमा आणला, शंकर-एहसान-लॉय यांच्या संगीतासह. अशा वेळी 'जुनी पदं किती ठेवली?' हाच प्रश्न आधी येतो. माझ्या मते तो दुय्यम आहे. नाट्यगृहात भामिनीचं वनमाला होणं तिला आणि आपल्याला माहीत असतं, धैर्यधराला नाही. त्या गुपितात आपण सामील असतो म्हणून हसू येतं. तो डोळा मारण्याचा क्षण कॅमेऱ्यानं कसा पकडायचा, यावर वाद घालूया ना.

'लिटल शॉप'चा मूळ शेवट 2012 मध्ये दुरुस्त करून परत आणलाय. मला तोच जास्त आवडतो. पण एकट्यानं मोबाइलवर बघू नका, हॉस्टेलच्या रूममध्ये दहा जण जमवून बघा.