मुक्त ज्ञानकोशाला जागता वाचक हवा

कोणीही लिहावे आणि कोणीही ते दुरुस्त करावे, या तत्त्वावर चालणाऱ्या महाजालावरील लेखसंग्रहांविषयी आपल्या सुशिक्षित समाजात दोन टोकाची मते रूढ झाली आहेत. प्राध्यापक विद्यार्थ्याला बजावतात, की विकिपीडियाचा आधार प्रबंधात चालणार नाही. विद्यार्थी मान डोलावतो आणि तेथलाच मजकूर चार शब्द फिरवून सादर करतो. एकाच्या मते तेथील सारेच त्याज्य, दुसऱ्याच्या मते सारेच ग्राह्य. वरवर पाहता ही मते परस्परविरुद्ध असली, तरी समोरचा लेख तपासून पाहण्याचे कष्ट दोघांनाही नको आहेत, एवढ्यापुरते त्यांचे मूळ एकच आहे. अशा मुक्त लेखनाची गुणवत्ता कशावर अवलंबून असते आणि मराठी वाचकाला त्याचा उपयोग किती, हा प्रश्न त्यामुळे बाजूलाच राहतो. तो आता टाळण्यासारखा राहिलेला नाही.

कोशलेखनाची परंपरा मराठीला नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी भागभांडवल उभे करून, गावोगाव वर्गणीदार मिळवून ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड १९२०च्या दशकात सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे कार्य सुरू झाले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि विसावा खंड २०१५ मध्ये पूर्ण झाला. विषयाच्या जाणकाराने नोंद लिहावी, दुसऱ्या जाणकाराने ती तपासावी, भाषेवरून संपादकाने हात फिरवावा आणि मगच ती मुद्रणालयाकडे जावी, अशी ही शिस्त होती. या शिस्तीमुळे विश्वकोशाच्या नोंदीला जे वजन प्राप्त झाले, ते आजही कमी झालेले नाही.

तथापि या वजनाची किंमतही मोजावी लागली. पहिला खंड आणि अखेरचा खंड यांत जवळजवळ चाळीस वर्षांचे अंतर पडले. स्वतः तर्कतीर्थ १९९४ मध्ये निवर्तले. त्यांना कार्याची सांगता पाहता आली नाही. दरम्यान १९९१ मध्ये सोव्हिएत संघराज्य लोपले, संगणक सामान्य माणसाच्या घरात आला. वर्णानुक्रमाच्या आरंभीची नोंद ज्या काळात लिहिली गेली, तो काळ अखेरची नोंद छापली जाईपर्यंत इतिहासजमा झाला होता. हा दोष संपादकांचा नव्हे. छापील कोशाच्या स्वरूपातच तो आहे. म्हणूनच विश्वकोश मंडळानेही पुढे विषयवार ज्ञानमंडळांद्वारे महाजालावर नोंदी अद्ययावत करण्याचा मार्ग स्वीकारला, हे योग्यच झाले.

सही, मोबदला आणि गुणवत्ता

मुक्त लेखनाचा आरंभ या संथपणाला कंटाळूनच झाला. मार्च २००० मध्ये अमेरिकेत ‘न्यूपीडिया’ नावाचा एक ज्ञानकोश महाजालावर सुरू झाला. तज्ज्ञांनी लिहावे आणि प्रत्येक लेखाने परीक्षणाच्या सात पायऱ्या ओलांडाव्यात, असा त्याचा दंडक होता. २००३ मध्ये तो बंद पडला तेव्हा पूर्ण झालेले लेख जेमतेम दोन डझन होते. त्याला पूरक म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी सुरू केलेला विकिपीडिया मात्र पाहता पाहता मूळ प्रकल्पाला मागे टाकून गेला. आज त्याच्या इंग्रजी आवृत्तीत ७० लाखांहून अधिक लेख आहेत.

या वाढीकडे पाहून अनेकांना वाटले, की निनावी लेखन हाच या पद्धतीचा खरा दोष असावा. लेखकाने लेखाखाली आपले नाव घालावे आणि त्याला दोन पैसे मिळावेत, म्हणजे गुणवत्ता आपोआप सुधारेल. हा विचार प्रत्यक्षात आणूनही पाहण्यात आला. गूगल कंपनीने २००८ मध्ये ‘नॉल’ ही सेवा सर्वांसाठी खुली केली. तेथे प्रत्येक लेखावर लेखकाचे नाव असे आणि जाहिरातींच्या उत्पन्नात त्याचा वाटा असे. एकाच विषयावर कितीही जणांनी स्वतंत्र लेख लिहावेत आणि त्यांतून उत्तम लेख वर यावा, अशी कल्पना होती. २०१२ मध्ये ही सेवा बंद करण्यात आली. एका विषयावर चार सामान्य लेख जमले म्हणून त्यांचा एक उत्तम लेख होत नाही. आपल्या नावाच्या लेखात दुसऱ्याने हात घालावा, असे कोणाला वाटेना. आणि दुसऱ्याच्या लेखातील चूक दाखविण्यात स्वतःचा काही लाभ नसल्याने ती दाखविण्याची उत्सुकताही कोणाला राहिली नाही.

केवळ मोबदल्यावर उभ्या राहिलेल्या लेखसंग्रहांची कथा याहून उद्बोधक आहे. २००५ मध्ये निघालेल्या ‘असोसिएटेड कंटेंट’ या संस्थेत कोणीही लेख द्यावा आणि वाचकांच्या संख्येनुसार पैसे घ्यावेत, अशी सोय होती. २०१० मध्ये याहू कंपनीने सुमारे १० कोटी डॉलर देऊन ती विकत घेतली. परंतु वाचकसंख्येवर मोबदला ठरला, की लेखक विषयाकडे न पाहता लोक काय शोधतात इकडे पाहू लागतो, आणि माहितीपेक्षा मथळा महत्त्वाचा ठरतो. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने आपल्या शोधयंत्रणेत बदल करून असल्या पोकळ लेखांना खालचे स्थान दिले, तेव्हा या साऱ्या व्यवसायाचा पाया खचला. २०१४ मध्ये ती सेवाही बंद झाली.

या तिन्ही अनुभवांचा एकत्र विचार केला पाहिजे. कडक परीक्षण होते तेथे लेख झाले नाहीत. सही होती तेथे सहकार्य झाले नाही. पैसा होता तेथे सचोटी टिकली नाही. विकिपीडिया तगला तो केवळ दार उघडे ठेवल्यामुळे नव्हे. एका विषयाला एकच लेख, विधानाला आधार देण्याचा नियम, आणि प्रत्येक बदलाची कायम राहणारी नोंद, अशी त्याची बांधणी आहे. प्रत्येक लेखामागे ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ अशी दोन पृष्ठे असतात. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला आणि त्यावर काय वाद झाला, हे तेथे कोणालाही पाहता येते. कचेरीत कागद हाताळणाऱ्या कोणाही लिपिकाला टिपणी आणि शेरे यांचे महत्त्व सांगावे लागत नाही. त्या लेखसंग्रहाचे खरे बळ याच दप्तरात आहे. पण हे दप्तर उघडून पाहणारा कोणी असेल, तरच ते उपयोगाचे.

दोष कोठे आहे?

डिसेंबर २००५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकाने विकिपीडिया आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका यांतील ४२ वैज्ञानिक विषयांवरील लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियाच्या लेखात सरासरी चार, तर ब्रिटानिकाच्या लेखात सरासरी तीन चुका आढळल्या. ब्रिटानिकाने या पाहणीच्या पद्धतीवर तीव्र आक्षेप घेतला, हेही नमूद केले पाहिजे. मुक्त लेखनाचे पुरस्कर्ते ही पाहणी विजयपत्रासारखी मिरवितात. ती इंग्रजी भाषेपुरती आणि विज्ञानाच्या विषयांपुरती होती, याचा त्यांना विसर पडतो. जेथे हजारो जाणकारांची नजर रोज फिरते, तेथे हे घडू शकते, एवढेच तिच्यावरून म्हणता येईल.

त्याच वर्षी याची दुसरी बाजूही जगासमोर आली. जॉन सीगेन्थॉलर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रलेखात, केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा एके काळी संशय होता, असे धादांत खोटे विधान कोणीतरी घुसडले आणि ते चार महिन्यांहून अधिक काळ तसेच राहिले. सीगेन्थॉलर यांनी वृत्तपत्रात लेख लिहून याला वाचा फोडली. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर नोंदणी न केलेल्यांना नवा लेख सुरू करण्यास बंदी झाली. खोटे लिहिणारा एक होता; त्या चार महिन्यांत ते वाचूनही स्वस्थ बसणारे किती होते, याची मोजदाद कोणी केली नाही.

आपल्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण स्कॉट्स भाषेचे आहे. स्कॉटलंडमधील या भाषेच्या विकिपीडियात एका अमेरिकन किशोराने काही वर्षांत हजारो लेखांची भर घातली. त्याला ती भाषा येत नव्हती. इंग्रजी वाक्यरचना तशीच ठेवून शब्दकोशातून शब्द उचलावेत आणि वाक्यात बसवावेत, एवढेच तो करीत होता. बहुधा आपण भाषेची सेवा करीत आहोत, अशा समजुतीनेच. २०२० मध्ये हे उघडकीस आले तेव्हा एकच गहजब झाला. त्या मुलाला दोष देणे सोपे आहे. पण भाषेचे अभिमानी इतकी वर्षे कोठे होते, हा प्रश्न अधिक अवघड आहे. ग्रीनलंडमध्येही असेच घडले. तेथील भाषेत लिहिणारे हात जवळजवळ नव्हतेच. यंत्राने केलेल्या सदोष भाषांतरांनी पाने भरू लागली आणि २०२५ मध्ये त्या भाषेतील विकिपीडिया बंद करण्याचा निर्णय घ्यावा लागला.

मराठीपुढील प्रश्न

मराठी विकिपीडियाचा आरंभ मे २००३ मध्ये झाला. आज त्यातील लेखांची संख्या एक लाखाच्या आसपास आहे. नियमितपणे लिहिणारे आणि तपासणारे मात्र अगदी थोडे आहेत. त्यांतील काहींनी अनेक वर्षे निरपेक्षपणे जे श्रम केले, त्यांबद्दल कृतज्ञताच वाटली पाहिजे. परंतु त्यातील पुष्कळ लेख दोन-चार ओळींचे आहेत, काहींची भाषा इंग्रजीची सावली आहे, तर काहींत कोशाची भाषा सुटून गौरवाची भाषा शिरली आहे. थोर पुरुष, जाती, पंथ, ऐतिहासिक घटना हे आपल्या जिव्हाळ्याचे विषय. या ठिकाणी आधार मागणारा शत्रू ठरतो आणि विशेषणे पेरणारा भक्त. अशा विषयांवर, तसेच औषधोपचार आणि कायदा यांबाबत, केवळ मुक्त लेखावर विसंबणे कोणाच्याही हिताचे नाही.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे, कारण या लेखांचे वाचक आता केवळ मनुष्य राहिलेले नाहीत. प्रश्नांना उत्तरे देणारी नवी संगणकीय यंत्रे ज्या लिखाणावर घडविली जातात, त्यात विकिपीडियाचा समावेश असतो. इंग्रजीत अन्य लिखाणाचा महासागर असल्याने एखादा सदोष लेख त्यात विरून जातो. मराठीचे भांडार मर्यादित आहे. त्यात आज शिरलेली चूक यंत्राच्या तोंडून उद्या विद्यार्थ्याला ऐकू येईल, तो ती वहीत उतरवील, आणि परवा तीच कोणाच्या तरी लेखाचा आधार बनेल. एकमेकांचे दाखले देत चूक सत्याच्या पदवीला पोचण्याचा हा मार्ग रोखायचा, तर माणसाने मध्ये उभे राहिले पाहिजे.

या कामास विद्वत्तेचा मोठा भांडवलसाठा लागतो, असे नाही. सातबाराचा उतारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड. पहिला जमिनीवरील अधिकारांचा अभिलेख, दुसरा पिकांची नोंदवही. महसूल खात्यात आयुष्य घालविलेल्या लिपिकाला हे तोंडपाठ असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि तिच्याखालील नियम यांचा आधार देऊन फेरफार नोंदीवर तो जसा लेख लिहील, तसा पदवीधर पंडिताला साधणार नाही. भूगोलाच्या शिक्षकाला आपल्या तालुक्यातील नद्यांची नावे ठाऊक असतात. चुकीचे नाव दिसताच ते आधारासह दुरुस्त करणे हे त्याच्यासाठी पाच मिनिटांचे काम आहे. केतकरांच्या निधनास १९९७ मध्ये साठ वर्षे पूर्ण झाली, त्यामुळे त्यांच्या लेखनावरील स्वामित्वहक्काचे बंधन आता उरलेले नाही. शंभर वर्षांपूर्वीची माहिती आजची म्हणून देता येणार नाही, पण जुन्या नोंदी पडताळून, नव्या संशोधनाशी जुळवून वापरण्यास कोणाचीच आडकाठी नाही.

आपण परिश्रमाने लिहिलेले वाक्य एखाद्या अर्धवट माहितीच्या माणसाने खोडावे, ही गोष्ट जाणकाराला सहजासहजी सहन होण्यासारखी नाही. शिवाय या श्रमाची नोंद ना सेवापुस्तकात होते, ना बढतीच्या वेळी. ही तक्रार खरी आहे आणि विद्यापीठांनी तिचा विचार केला पाहिजे. निरनिराळ्या ग्रंथांतून उतारे जमवून बांधलेल्या प्रकल्पवहीला गुण देण्याऐवजी, एका मराठी लेखातील दहा विधाने मूळ ग्रंथांशी ताडून पाहा आणि चुकीची असतील ती दुरुस्त करा, असा अभ्यास विद्यार्थ्यांना दिला, तर संशोधनाचा पहिला धडा त्यांना तेथेच मिळेल. बंदीने जे साधले नाही, ते यातून साधण्याचा संभव आहे.

मुक्त ज्ञानकोश हा विश्वकोशाचा पर्याय नाही. तो अभ्यासाचा उंबरठा आहे. तो ओलांडून ग्रंथापर्यंत जावयाचे असते. परंतु उंबरठाच खचलेला असेल, तर आतला ग्रंथसंग्रह कितीही समृद्ध असो, नवखा माणूस दारातच अडखळणार. केतकरांच्या काळी ज्ञानकोशासाठी वर्गणी मागितली जात असे. आज मागणी पैशाची नाही. वाचताना थांबण्याची, आधार विचारण्याची आणि चूक दिसल्यास ती स्वतः दुरुस्त करण्याची आहे. एवढी वर्गणी मराठी वाचकाला जड वाटू नये.