मावळचे पाणी आणि आपला रविवार



कार्ल्याची लेणी आपल्यापैकी बहुतेकांनी मुलाबाळांसह पाहिली आहेत. पुन्हा जाल तेव्हा चैत्यगृह पाहून झाले की बाहेर उभे राहून खाली नजर टाका. पलीकडच्या डोंगरात भाजे, मध्ये इंद्रायणीचे खोरे, भाताची खाचरे, रेल्वे आणि जुना मुंबई-पुणे रस्ता. दोन्हीकडचे डोंगर ताठ उभे आणि मधली जमीन ताटासारखी सपाट. मावळातला पूर समजायला एवढे पाहिले तरी पुरते.

लोणावळ्याच्या पश्चिमेला घाट एकदम तुटतो, खाली खोपोली. समुद्र इतका जवळ, पण कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. कामशेत, इंदुरी, देहू, आळंदी करीत ती तुळापूरला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि मावळचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. एवढ्या लांबच्या वाटेला उतार मात्र थोडा. लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पुणे शहरात त्याचा पाचवा हिस्साही नाही. डोंगरावरून हे पाणी बघता बघता खाली येते आणि सपाटीला लागले की पसरून बसते. भाताला ते मानवते. आपण खातो तो इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्याच संशोधन केंद्राचा. घराच्या भिंतींना मात्र ते मानवत नाही.

१९१५ पासून लोणावळा-वलवणच्या तळ्यांचे पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीच्या टाटा वीजघरात जाते. पण तळी तुडुंब झाली की जादा पाणी इंद्रायणीतच येते.

कॅनडातले विनिपेग शहरही सपाट खोऱ्यात वसलेले आहे. तिथली रेड नदी बर्फ वितळून फुगते, म्हणून लोकांना कित्येक दिवस आधी चाहूल लागते. १९६८ पासून पूर शहराबाहेरून वळवणारा मोठा कालवाही आहे. आपल्या डोंगरातला ओढा तासाचीही सवड देत नाही.

३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत मुले होती. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसह इंद्रायणीत कोसळला, चार जण दगावले. दोन्ही दिवस रविवार. ज्याला आठवड्यात सुटीचा एकच वार, त्याने मुलांना पाणी दाखवायला नेले तर काय बिघडले? ‘हौसेपायी गेले’ असे म्हणणाऱ्यांचे आम्हाला पटत नाही. पण एक लक्षात असू द्या, आपल्या डोक्यावर ऊन असते तेव्हाच वरच्या डोंगरावर पाऊस कोसळत असू शकतो. पाणी गढूळ झाले, पाला-काटक्या वाहत आल्या, आवाज वाढला, की डबे-पिशव्या तिथेच टाकून मुलांसह काठाच्या उंच बाजूला चढावे. प्रवाह ओलांडायला जाऊ नये.

१९४५ साली मजूर मंत्री असताना बाबासाहेबांनी कटकच्या परिषदेत ओरिसातल्या नद्यांचा प्रश्न मांडला. जादा पाणी म्हणजे संकट, ही समजूतच त्यांना मान्य नव्हती. पाणी अडवून ते शेती, वीज आणि जलवाहतुकीला वापरावे, असा त्यांचा आग्रह होता. पवनेवर धरण झाले, त्याचे पाणी पिंपरी-चिंचवडला मिळाले. पण धरण भरल्यावर पाणी सोडावे लागते, आणि ते आधी शिरते नदीकाठच्या गरिबांच्या वस्त्यांत.

म्हणून नदीकडेचा स्वस्त गुंठा घेणाऱ्यांना आमचे सांगणे आहे. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. एजंट यातले अक्षरही काढत नाही. इसार देण्याआधी गट नंबर घेऊन तो नकाशा पाहावा, आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला विचारावे, पाणी कुठवर आले होते?