लेकींना संशोधनात पाठवा

मूल झाले नाही की वस्तीत सगळ्यांचे बोट सुनेकडे जाते. दोष पुरुषातही असतो. क्षयरोगानेही गर्भनलिका बंद होऊ शकतात. पण हे सांगणार कोण?

१९८६ साली परळच्या के.ई.एम. या महापालिकेच्या रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व परळमधल्याच प्रजनन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. आज मात्र हे उपचार बहुतांशी खासगी दवाखान्यांत, लाखांच्या घरात आहेत. ते गरिबाला कसे परवडतील, हा प्रश्न प्रयोगशाळेत आपल्याच मुलांनी नेला पाहिजे.

म्हणून मुलगी बी.एस्सी. झाली की लग्नाची घाई नको. एम.एस्सी., नेट, पीएच.डी. करू द्या. पीएच.डी.साठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. बाबासाहेबांचे ‘शिका’ पदवीपाशी थांबत नाही.