गोणपाट

एका पावसाळी सकाळी आमच्या शाळेतील एक विद्यार्थी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन वर्गात आला. ती पाहून मुले हसू लागली. "हे गोणपाट कशाला पांघरलेस?" एकाने विचारले. दुसरा ऐटीत म्हणाला, "अरे, गोणपाट काय म्हणतोस? गनी बॅग म्हण!" मला दोघांचेही वाईट वाटले. एकाला त्या कापडाची लाज वाटत होती, तर दुसऱ्याला त्या शब्दाची.

मुलांनो, हा शब्द लाजिरवाणा खासच नाही. पोते या अर्थाचा 'गोणी' हा शब्द संस्कृतात आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या पाणिनीने आपल्या 'अष्टाध्यायी'त धान्य भरण्याचे साधन या अर्थी त्याची नोंद केली आहे. पुढे मराठीत बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पोत्याला 'गोण' म्हणू लागले. अशा गोणींतून धान्य आणि मीठ घेऊन लमाणांचे तांडे गावोगाव हिंडत. गोणी ज्याची शिवतात, ते जाडेभरडे कापड म्हणजे गोणपाट.

आता 'गनी'ची गंमत ऐका. व्यापारासाठी आलेल्या इंग्रजांनी आपला 'गोणी' हाच शब्द उचलला आणि त्याचा उच्चार 'गनी' असा केला. १८५५ साली बंगालमध्ये हुगळीच्या काठी रिश्रा येथे तागाची गिरणी निघाली. पुढे तेथील गिरण्यांची पोती जगभर जाऊ लागली. म्हणजे आमचा तो विद्यार्थी ज्याला इंग्रजी समजून मिरवत होता, तो शब्द मुळात आपल्याच घरचा होता!

'भरजरी वस्त्राला गोणपाटाचे ठिगळ' असे आपण तुच्छतेने म्हणतो. परंतु भरजरी वस्त्रात कोणी ज्वारी भरून आणीत नाही. गोणपाटातून हवा खेळते, म्हणून त्यात धान्य चांगले राहते. ते ओझे सोसते, आणि फाटले तरी पायपुसणे होऊन उपयोगी पडते.

कष्टाच्या वस्तूला हीन मानले, की तिचे नावही हीन वाटू लागते आणि हळूहळू ते आपल्या तोंडून नाहीसे होते. असे होऊ देऊ नये, असे मला वाटते. त्या दिवशी हसणाऱ्या मुलांची पुस्तके भिजली होती. खोळ घेऊन आलेल्या मुलाची मात्र कोरडी होती.