शपथविधीनंतरचे मंत्रिमंडळ

पावसाळ्याच्या प्रारंभी आपल्या अनेक शाळांत निवडणूक होते. चिन्हे वाटली जातात, मतपत्रिका निघतात, चिमुकल्या बोटांना शाई लागते. शालेय मंत्रिमंडळाचा शपथविधी होतो, छायाचित्रही निघते. पण पुढे काय? बहुतेक ठिकाणी आरोग्यमंत्री नखे तपासतो आणि शिस्तमंत्री गोंगाट करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहितो. निवडून दिले विद्यार्थ्यांनी, काम मात्र शिक्षकांचे! याला विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी कसे म्हणावे?

वास्तविक पाहता, शाळेविषयी काही गोष्टी केवळ मुलांनाच ठाऊक असतात. कोणत्या नळाला मधल्या सुट्टीत पाणी नसते, मैदानावरून धाकट्यांना कोण हुसकावते, सलग दोन चाचण्यांच्या दिवशी दप्तर किती जड होते, हे कोणत्याही तपासणी अहवालात येत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटलेली असते, म्हणून कित्येक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. एकटी मुलगी हे मुख्याध्यापकांना सांगायला धजत नाही. वर्गाने निवडलेली प्रतिनिधी मात्र तोच प्रश्न बैठकीत निःसंकोचपणे मांडू शकते. विद्यार्थी परिषदेचे खरे प्रयोजन हेच आहे.

बालहक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने १९९२ साली स्वीकारला. आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि वयानुसार त्या मताची दखल घेतली जाण्याचा मुलांचा अधिकार त्याच्या बाराव्या अनुच्छेदाने मान्य केला आहे. दखल घेणे म्हणजे मागेल ते देणे नव्हे. नकारही देता येतो; परंतु तो कारणासह द्यावा लागतो.

निवडणुकांमुळे शाळेत गट-तट शिरतील, ही पालकांची भीती निराधार नाही. हिंसाचाराच्या कटू अनुभवानंतरच महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील थेट निवडणुका थांबवल्या. २०१६ च्या कायद्याने त्यांची पुन्हा तरतूद केली. परंतु प्रतिस्पर्ध्याचा मान राखणे, पराभव पचवणे आणि बहुमताने ठरलेले सर्वांनी मिळून पार पाडणे हे संस्कार विसाव्या वर्षी अकस्मात अंगी बाणत नाहीत. त्यांचे वय शाळेचेच.

त्यासाठी फार खर्च नको. महिन्यातून एक बैठक व्हावी, तिचे इतिवृत्त विद्यार्थ्यांनीच लिहावे, आठ दिवसांत मुख्याध्यापकांनी लेखी उत्तर द्यावे आणि ते प्रतिनिधीने वर्गात वाचून दाखवावे. वाचनालय वा स्नेहसंमेलनासाठी अल्पशी रक्कम मुलांच्या हाती सोपवून तिचा हिशेबही त्यांच्याकडूनच घ्यावा. प्रतिनिधित्व केवळ पहिल्या बाकावरील हुशारांपुरते राहू नये, ही दक्षता शिक्षकांनी घ्यावी.

१९८९ पासून आपल्याकडे अठराव्या वर्षी मताधिकार मिळतो. आज दहावीत बसलेली मुले दोन-तीन वर्षांत मतदार होतील. निवडून दिलेल्याला काहीच करता येत नाही, हा धडा शाळेतच मिळाला, तर उद्या त्यांच्या उदासीनतेला दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहील काय? पुढच्या पालकसभेत गुणांबरोबर एवढेही अवश्य विचारा : मंत्रिमंडळाची शेवटची बैठक कधी झाली आणि तिच्यातील कोणत्या सूचनेचे काय झाले?