लेथचे सामान घरच्या घरी

नांदेड आणि लातूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आपल्या वस्त्यांतील मुले टर्नरचा दोन वर्षांचा कोर्स पुरा करून बाहेर पडतात. काही कारखान्यात लागतात. काही जण कुणाच्या तरी वर्कशॉपमध्ये चार-दोन वर्षे राबून, घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन जमवलेल्या पैशातून जुने लेथ मशीन घेतात. राजकोट किंवा बटाल्याचे सेकंडहँड मशीन दारात येते, पेढे वाटले जातात. मग कळते की नुसत्या मशीनने भागत नाही. ड्रिल चक, सेंटर, टूलबिट, डाय होल्डर, सगळ्याला वेगळे पैसे लागतात. इथेच पुष्कळांचे पाय सावकाराच्या दाराकडे वळतात.

आम्ही कारकुनी करणारी, हिशेबाची माणसे. आमचे सांगणे एवढेच की लेथ हे स्वतःचे सामान स्वतः घडवू शकणारे यंत्र आहे. जे घडवता येते त्यासाठी कर्ज काढू नये आणि जे घडवू नये तिथे काटकसर करू नये.

पहिली वस्तू डाय होल्डर. हाताने डाय फिरवून आटे पाडले की ते तिरके जातात, नट अडकतो, गिऱ्हाईक जॉब परत आणते. त्यासाठी ४० मिमी जाडीचा, ६० मिमी लांबीचा एम.एस.चा गोल तुकडा घ्या. चकमध्ये पकडून तोंड साफ करा आणि १२ मिमीचे आरपार भोक पाडा. मग त्याच पकडीत, तुकडा न सोडता, तोंडाशी डाय बसेल असा खड्डा बोअर करा. ८ मिमी आट्यांची डाय बहुधा २५ मिमी व्यासाची आणि ९ मिमी जाडीची असते; तरी आपल्याजवळची डाय आधी मोजा. तुकडा सोडून पुन्हा पकडला तर भोक आणि खड्डा एका रेषेत राहत नाहीत, सारी मेहनत वाया जाते. बाजूने तीन स्क्रू देऊन डाय आवळा आणि मागे एक दांडी बसवा.

टेलस्टॉकच्या ड्रिल चकमध्ये १२ मिमीचा गुळगुळीत रॉड पकडा. होल्डर त्यावर सहज सरकला पाहिजे. स्विच बंद, गिअर न्यूट्रल. एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने चक फिरवा. तेल सोडा आणि थोड्या थोड्या वेळाने अर्धा फेरा उलटा घ्या, म्हणजे कीस तुटतो. आटे सरळ येतात.

दुसरी वस्तू कॅरेजचा स्टॉप. बेडवर घट्ट बसणारा लोखंडी ठोकळा आणि त्यात एक लांब बोल्ट, इतकेच. डाळ मिलसाठी एका मापाचे वीस बुश करायचे असले की प्रत्येक वेळी पट्टी लावावी लागत नाही. मात्र ऑटो फीडवर कॅरेज स्टॉपवर आदळू देऊ नका. शेवटचे थोडे अंतर हातानेच न्या.

तिसरी वस्तू सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची. चकची चावी चकमध्येच विसरून मशीन चालू केले, तर ती गोळीसारखी उडते. चावीच्या चौकोनी टोकावर एक स्प्रिंग बसवा. हात सोडताच चावी आपोआप बाहेर पडेल. भंगारातल्या एका स्प्रिंगने कुणाचा डोळा वाचतो, कुणाचा जीव.

आता काय घडवू नये ते. चक आणि ग्राइंडरचे चाक विकतच घ्या. तडा गेलेला बिडाचा चक वेल्डिंग करून वापरू नका; फिरताना तो फुटला तर समोर उभा असतो तो आपलाच मुलगा. लेथवर हातमोजे, सैल बाह्या, गळ्यात रुमाल नको. आपल्या मुलीही हा ट्रेड शिकू शकतात. त्यांनी ओढणी बाजूला ठेवून केस घट्ट बांधावेत.

आणखी एक सुचवावेसे वाटते. एका वस्तीत दोन-तीन मुलांची मशीने असतील, तर टॅप-डायचा संच प्रत्येकाने वेगळा का घ्यावा? एक संच वर्गणीतून घ्या. वहीत नोंद ठेवा : कुणी नेला, कधी परत केला. घरी घडवलेल्या प्रत्येक वस्तूवर माप कोरून ठेवा. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की दुरुस्तीची कामे घाईची येतात. त्या दिवशी ज्याचे सामान जागेवर असते, त्याच्याकडेच काम येते.